आधी हळदीत काय आहे ते तपासू. हळद काय करते ते मग

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र अभ्यास मंडळांचे सदस्य,
तसेच एम.एस्सी.च्या संशोधन प्रकल्पांचे मार्गदर्शक

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू एक डबी घेऊन आल्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल होत्या, साठ नग. “सर, गुडघ्यासाठी घेऊ का? आत लिहिलंय, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय म्हणून.” चष्मा लावून मी ते घडीचं माहितीपत्रक उलगडलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चार संदर्भ होते. तिसरा वाचला आणि पुन्हा वाचला. तो आमचा होता. माझ्या एका विद्यार्थिनीच्या एम.एस्सी. प्रकल्पावरून काढलेला शोधनिबंध, मार्गदर्शक म्हणून खाली माझं नाव.

त्या निबंधात आम्ही काय केलं होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्यापैकी बहुतेकांनी तेच केलं आहे. बाजारातून हळद आणली, सॉक्सलेट या अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात मिथेनॉल घालून आठ तास अर्क काढला, द्रावक उडवला, उरलेला चिकट गोळा डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट गुण, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखायची ताकद, मोजायच्या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात टाकला आणि रंग किती उडाला ते मोजलं. उरलेल्या अर्काचे थेंब जंतू पसरलेल्या आगरच्या थाळीत पाडलेल्या खड्ड्यांत घातले, रात्रभर ठेवलं आणि सकाळी पट्टीने जंतूविरहित वर्तुळं मोजली. गुडघा त्यात कुठेच नव्हता. माणूसच नव्हता, उंदीरसुद्धा नव्हता. शेजारच्या खड्ड्यात तुलनेसाठी घातलेल्या प्रतिजैविकाचं वर्तुळ आमच्या वर्तुळापेक्षा कितीतरी मोठं आलं होतं. ते तक्त्यात होतं, सारांशात नव्हतं. सारांशाचं शेवटचं वाक्य मीच सुचवलेलं: ‘यावरून हळदीचे औषधी महत्त्व सिद्ध होते.’

काकूंना काय सांगितलं ते शेवटी लिहितो. आधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण ते वाक्य आजही दर वर्षी शेकडो प्रबंधांच्या शेवटी लिहिलं जातं. आता तर नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर वर्गाला संशोधन प्रकल्प सक्तीचाच केला आहे. मार्गदर्शकाकडे वेळ नाही, विभागाकडे पैसा नाही, विद्यार्थ्याच्या हातात चार महिने आहेत; मग काय करायचं? एखादी वनस्पती घ्यायची. दालचिनी झाली, लवंग झाली, शेवग्याची पानं झाली, आता कढीपत्ता. वनस्पती बदलते, बाकी मजकूर तोच राहतो. मी स्वतः असे किती प्रकल्प सह्या करून पुढे ढकलले ते मोजायचं धाडस होत नाही.

आकड्यांबद्दल बोलू, कारण रसायनशास्त्राच्या माणसाला तेवढंच येतं.

हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिचं पिवळं द्रव्य, साधारण ३ टक्के असतं; जातीप्रमाणे थोडं कमी, थोडं जास्त. रात्री दुधात घालतो ती अर्धा चमचा हळद दीड ग्रॅम धरली, तर त्यात ४५ मिलिग्रॅम कुरकुमिन येतं. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कुरकुमिन दिलं होतं. म्हणजे दुधाचे पावणेदोनशे पेले. एवढं गिळूनही रक्तातली सर्वाधिक पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर भरली. कुरकुमिनचा रेणुभार ३६८ धरून गुणाकार केला की मिलिलिटरला ०.६५ मायक्रोग्रॅम येतात. आता आपल्या प्रबंधांतले तक्ते काढून पाहा. ५०, १००, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. रक्तात जे पोचतच नाही त्याच्या शेदोनशे पट पाजून पेशी मेल्या, जंतू मेले, आणि आपण पेढे वाटले.

यावर हमखास उत्तर येतं: मिरीबरोबर घ्या, मग शोषण होतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातला १९९८चा तो अभ्यास मलाही तोंडपाठ आहे. २ ग्रॅम कुरकुमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिल्यावर उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. पण नुसतं कुरकुमिन दिलं तेव्हा रक्तात ते सापडतच नव्हतं किंवा जेमतेम सापडत होतं, हे त्याच निबंधात आहे. जेमतेमची वीसपट म्हणजे किती, याचा हिशेब कॅप्सूलवाल्यांच्या पत्रकात नसतो. शिवाय पिपरिन हे जे करतं ते शरीराची बाहेरची वस्तू निकामी करून काढून टाकण्याची यंत्रणा मंदावून करतं. रक्तदाबाच्या, मिरगीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसात ती यंत्रणा मंदावली की त्या गोळ्यांचं काय होतं, हा प्रश्न गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या बाईसाठी पुस्तकी नाही.

दुसरी अडचण खुद्द कुरकुमिनच्या स्वभावात आहे. ते पिवळं आहे, प्रकाशात चमकतं, अल्कलीत तुटतं, प्रथिनांना चिकटतं, धातूंना पकडतं. कुंकू कसं करतात ते आपल्या आज्यांना माहीत होतं: हळदीला अल्कलीची जोड मिळाली की ती लाल होते. जो पदार्थ स्वतःच इतका रंग बदलतो तो रंगावर आधारलेल्या चाचणीत घातला, की चाचणी कुणाची झाली, पेशींची की हळदीच्या रंगाची, हे सांगता येत नाही. डीपीपीएच जांभळ्याचं पिवळं होतं आणि आपला अर्क मुळातच पिवळा! नुसत्या अर्काचं वाचन वजा करायला किती विद्यार्थी शिकतात? आमच्या निबंधात आम्ही केलं नव्हतं. परीक्षकाने विचारलंही नाही. चहा घेतला, सही केली.

२०१७च्या जानेवारीत ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये या सगळ्याचा लांबलचक आढावा आला. कुरकुमिनच्या १२०हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या आणि रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवून, तुलनेला खोटी गोळी देऊन केलेली एकही चाचणी यशस्वी ठरली नाही, असं त्या लेखकांचं म्हणणं. बंगळुरूच्या डॉ. जी. पद्मनाभन यांनी त्याला लेखी उत्तर दिलं, कुरकुमिनची बाजू मांडली. वाद चालू आहे आणि चालू राहावा. पण तो वाद ज्या पातळीवर चालला आहे तिथे आपल्या वर्तुळांना आणि उडालेल्या रंगांना कुणी विचारत नाही. आपण त्या चर्चेत नाहीच. आपण आहोत ते फक्त डबीतल्या पत्रकावर.

‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचंही तेच. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा मोठा तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता. लवंगेसारखे मसाले त्यात अगदी वरच्या रांगेत. २०१२मध्ये तो त्यांनीच काढून टाकला. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीला वापरतात, हे कारण त्यांनी दिलं. त्याच्याही आधी, १९९४ साली, फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला होता: बीटा कॅरोटिन, म्हणजे गाजरातलं ते गुणी अँटिऑक्सिडंट, ज्यांना गोळीतून दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तरी आपल्याकडे डीपीपीएचवर दर वर्षी नवा प्रबंध.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण व्याख्यानांत तो हटकून येतो. ‘हळदीचं पेटंट आपण अमेरिकेकडून परत मिळवलं, म्हणजे हळदीचे गुण अमेरिकेने मान्य केले.’ नाही. मार्च १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं, क्रमांक ५४०१५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे देशातल्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या परिषदेचे, महासंचालक होते. त्यांनी त्याला आव्हान दिलं आणि ऑगस्ट १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. मराठी माणसाची छाती फुगावी अशीच ती लढाई होती. पण तिथे सिद्ध काय झालं? हा वापर नवा नाही, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, एवढंच. तो कितपत गुण देतो हा प्रश्न त्या खटल्यापुढे नव्हताच. जुनं असणं आणि खरं असणं या दोन गोष्टी आपण तेव्हापासून एकाच टोपलीत टाकल्या आहेत.

मग वनस्पतींचा अभ्यास करूच नये का? उलट. मुंबईत तो उत्तम झालेला आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीचा रक्तदाबावरचा परिणाम ५० रुग्णांवर पाहिला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. रुग्ण कोण, मुळी किती दिली, दाब किती उतरला, हे सगळं मोजून. जगभरच्या डॉक्टरांचं सर्पगंधाकडे लक्ष गेलं ते त्यामुळे. पुढे १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि ते जगभर वापरलं गेलं. मग त्याने काही रुग्णांना खोल उदासी येते हेही ध्यानात आलं. म्हणजे गुण मोजला तसा दोषही मोजला गेला. मुळी ‘नैसर्गिक’ होती म्हणून तिला कुणी सूट दिली नाही.

चीनच्या तू यूयू यांची गोष्ट तर सॉक्सलेटच्या भक्तांनी विभागाच्या भिंतीवर लावावी. उष्णतेने काढलेला वनस्पतीचा अर्क मलेरियावर नीट चालेना. त्यांनी कमी तापमानाला इथरने काढला, तो चालला. आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ साली नोबेलही. आपण मात्र जे दिसेल ते आठ तास उकळतो, कारण उपकरण मांडणीवर तयार असतं.

सूट देण्याचा परिणाम काय होतो, तेही मुंबईनेच पाहिलं. कोविडच्या पहिल्या वर्षात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे असे ६ रुग्ण आले ज्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि सगळ्यांच्या घरी गुळवेल चालू होती. ते छापून आलं तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पती नक्की गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल? पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. मंत्रालयाशी माझं सगळं पटतं असं नाही, पण तो प्रश्न रास्त होता, आणि तोच मी तुम्हाला विचारतो. आपल्या प्रबंधांत ‘नमुना स्थानिक बाजारातून घेतला’ असं एक वाक्य असतं. कुठल्या दुकानातून? कुणी ओळखला? वाळलेली फांदी हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहात, ठेवली का? दालचिनीच्या नावाखाली बाजारात मिळते ती बहुतेकदा कॅशिया, तिच्यात कुमरिन बरंच असतं, आणि ते जास्त झालं तर काहींच्या यकृताला सोसत नाही. सिलोनी दालचिनीत ते नावापुरतं. साल जाड आहे की कागदासारखी पातळ, एवढं पाहून दोन्ही ओळखता येतात. ‘दालचिनीचा मधुमेहावर परिणाम’ लिहिणाऱ्या किती जणांनी साल उलटून पाहिली?

आता माझी विनंती. मी सांगलीचा, तेव्हा हळदीवरूनच सांगतो.

इथल्या सौद्यात हळकुंड येतं ते शिजवून, वाळवून, ढोलात घोळून. घोळल्याशिवाय त्याला रंग आणि झळाळी येत नाही आणि झळाळीशिवाय भाव येत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, २००५च्या महापुरात गेली तेव्हा भिजलेल्या हळदीचं काय झालं, हे इथल्या म्हाताऱ्या अडत्यांना विचारा. पाणी लागलेलं हळकुंड काळवंडतं. बांगलादेशात १९८०च्या दशकातल्या पुरानंतर नेमकं असंच काळवंडलेलं पीक हातात आलं आणि पॉलिश करताना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळायला सुरुवात झाली. तो रंग पुढची तीसएक वर्षं लोकांच्या, गरोदर बायकांच्या रक्तात जात राहिला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्याच्या संशोधकांनी माग काढला, २०१९मध्ये तो जाहीर केला. सरकारने बाजारात जाऊन दंड केले, वर्तमानपत्रांत सूचना दिल्या. २०१९मध्ये तिथल्या बाजारातले ४७ टक्के नमुने शिसं दाखवत होते, २०२१मध्ये एकही नाही. मसाला आणि आरोग्य या विषयावर गेल्या कित्येक वर्षांत इतकं उपयोगी प्रयोगशाळेचं काम मी वाचलेलं नाही. त्यात एकही पेशी मारली नव्हती.

आपल्याकडे हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम, बांगलादेशात २.५. सांगलीच्या, वसमतच्या, वायगावच्या बाजारात परिस्थिती काय आहे? मी आरोप करत नाही. इथले अडते माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडचीच हळद माझ्या घरात आहे. पण ओळख म्हणजे मोजमाप नव्हे. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वायगावच्या हळदीला त्याआधीच. हिंगोलीत हळदीचं संशोधन केंद्र झालं. नाव आलं की नावाचे नकली वारसही येतात. राजापुरी जातीच्या हळदीच्या पोत्यात राजापुरीच आहे का, हे सांगणारी सोय गावातल्या महाविद्यालयात असावी, एवढं मागणं जास्त नाही.

खर्चाचं म्हणाल तर कुरकुमिन मोजायला अल्कोहोल आणि ४२५ नॅनोमीटरवर चालणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र, पुरतो, तो तुमच्या विभागात आहे. मेटॅनिल यलो हा भेसळीचा पिवळा रंग ओळखायला हायड्रोक्लोरिक आम्ल: गुलाबी रंग येतो, मग पाणी घालायचं, रंग गेला तर ती हळदीची करामत, राहिला तर भेसळ. पिठाच्या भेसळीला सूक्ष्मदर्शक. इथे एक मजा आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितीत हळदीवर आयोडिन टाकून ‘बघा, निळं झालं, पीठ मिसळलंय’ असं दाखवतात. हळद हा कंद आहे; त्यात स्वतःचा स्टार्च भरपूर असतो, निळं होणारच. पण शिजवलेल्या हळकुंडातला स्टार्च फुगून एकजीव झालेला असतो आणि वरून मिसळलेल्या मक्याचे किंवा तांदळाचे कण कोरडे, सुटे, आपापल्या आकाराचे दिसतात. हे बी.एस्सी.च्या मुलीला एका दुपारी शिकवता येतं. ती आयुष्यात विसरणार नाही. डीपीपीएच ती निकालाच्या दिवशी विसरते.

शिशासाठी मोठं यंत्र लागतं, मान्य. ते विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात असतं. पाच महाविद्यालयांनी नमुने एकत्र पाठवले तर दर नमुन्याचा खर्च मिथेनॉलच्या बाटलीपेक्षा फार नसेल. दुकानांची आणि कंपन्यांची नावं छापू नका, सांकेतिक क्रमांक द्या; कायद्यात टिकणारा नमुना घेणं हे अन्नसुरक्षा अधिकाऱ्याचं काम आणि ते त्यांच्यावरच सोडावं. पण एखाद्या तालुक्यात चाळीसपैकी सहा नमुने वाईट निघाले, तर ते त्या अधिकाऱ्याला कळवण्याइतकं आपलं शास्त्र नक्कीच पक्कं आहे.

आणि ज्यांना जैविक परिणामच पाहायचे आहेत त्यांनी जरूर पाहावेत. फक्त प्रबंधात एक पान सक्तीचं करा: हिशेबाचं पान. थाळीत वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात यायची तर किती खावं लागेल, ते विद्यार्थ्याने स्वतः गणित करून लिहायचं. माझी खात्री आहे, निम्मे शीर्षकं त्या पानावरच बदलतील. नुसत्या द्रावकाने काय होतं, निरोगी पेशींचं काय होतं, ते तक्ते नसतील तर तोंडी परीक्षा घेऊ नका. ‘परिणाम आढळला नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या. आज तो घाबरतो, अर्काची मात्रा वाढवत नेतो, काहीतरी मरेपर्यंत. मी माझ्या विद्यार्थ्यांना नेमकं हेच करायला लावलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

नियतकालिकांबद्दल फार लिहीत नाही. पैसे भरून आठवड्यात निबंध छापणाऱ्यांची नावं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. पुण्यातल्याच अभ्यासकांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियतकालिकांच्या तेव्हाच्या मान्य यादीची चिरफाड केली होती. पदोन्नतीचे गुण त्या कागदांवर ठरतात तोवर मुलांना दोष देऊन काय होणार?

माझ्यापुरतं मी एक केलं आहे. कॅप्सूलवाल्यांना पत्र पाठवलं की आमच्या निबंधात मानवी आरोग्याविषयी काहीही सिद्ध झालेलं नाही, संदर्भ काढावा. उत्तर नाही. नियतकालिकाला दुरुस्ती छापायला सांगितलं. त्यांनी दुरुस्तीचं शुल्क कळवलं.

बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हळदीचा स्टार्च ओळखायला शिकवायचं असेल तर कुठल्याही महाविद्यालयात येईन, एसटीने येईन, मानधन नको. नमुने मात्र मुलांनी स्वतः बाजारातून आणलेले हवेत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
सांगली

ता. क. काकूंना कॅप्सूल परत करायला सांगितलं. दुकानदाराने फोडलेली डबी घेतली नाही. इटलीत २०१९मध्ये अशा अर्कांनंतर काविळीसारखे आजार झाल्याच्या नोंदी आहेत, तेही सांगितलं, म्हणून ती आता त्यांच्या देवघराच्या कपाटात तशीच आहे. “मग रात्रीचं हळदीचं दूध बंद करू का?” असं त्यांनी विचारलं. म्हटलं, ते चालू ठेवा, दुधात पाणी किती आहे तेवढं बघा.